कच्चं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. आमच्या शाळेतल्या काचेच्या पेटीतले मासे आबांच्या हातून मेले नव्हते. ते मी मारले.

आबा नंदुरबारला आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचे शिपाई होते. त्याआधी मुंबईला एका मत्स्यालयात त्यांनी काही वर्षं पाणी भरलं होतं. मी विज्ञान शिकवायचो. समुद्र न पाहिलेल्या पोरांना समुद्रातले मासे जिवंत दाखवायचे, हा हट्ट माझा. पेटी उभी केली ती आबांनी. पाणी सुरतेकडून रेल्वेनं आणलं, तेही लोणच्याच्या बरण्यांत. "पत्र्याना डबा नको, मास्तर. गंज उतरस."

स्टेशनावर हमालानं विचारलं, "आबा, कैरीनं लोनचं शे का?"

"नही भो, समुद्रनं."

ट्रकची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवून तिची हवा बारीक नळीनं पाण्यात सोडायची, ही युक्तीही त्यांचीच. मग त्यांनी त्या पाण्यात एक मेलेली कोळंबी टाकली आणि खुशाल सडू दिली. मास्तरांच्या खोलीत हशा पिकला. "मासे यायच्या आधीच तेरावं घातलं आबांनी!"

आबा रोज सकाळी दोन बोटं पाण्यात बुडवत, वास घेत आणि मान हलवत. "कच्चं शे."

"अहो, पाणी कसं कच्चं असेल?"

ते खिडकीतून मिरच्या वाळत घातलेल्या पथारीकडे बोट दाखवत. "ओली मिरची पोतामां भरी तर काय व्हस? काळी पडस. पानीनं बी तसंच. सडेल खानारं काहीतरी त्यामां तयार व्हवाले पाहिजे. पहिले खेकडा सोडू. तो जगना, मंग मासा."

आबा सहा वर्षं हंगामी होते. तपासणी चांगली पार पडली की त्यांना कायम करू, असं हेडमास्तरांनी कबूल केलं होतं. तपासणी सोमवारी होती. माझ्या घाईपायी शनिवारीच सुरतेहून पाच मासे आले, बोटाएवढे, पिवळ्या पट्ट्यांचे. आबा पुतणीच्या लग्नाला कळसाडीला निघाले होते. हवेची नळी त्यांनी माशांच्या बरणीत सोडली आणि दोनदा बजावलं, "बरनीमांच ऱ्हाऊ द्या. मी सोमवारी येसू."

रविवारी मला राहवलं नाही. तपासणीच्या साहेबांना मासे पेटीत फिरताना दिसायला हवे होते. मी ते सोडले. संध्याकाळपर्यंत काय सुंदर फिरत होते!

सोमवारी सकाळी पाचही कुशीवर तरंगत होते.

"कुणी सोडले?" हेडमास्तर कडाडले.

मी खिशात खडू शोधू लागलो. आबा लग्नातून थेट आले होते, टोपीला हळदीचा डाग होता. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "चूक मन्ही शे, साहेब. जाताना मीच सोडी दिधात."

मी खडूच शोधत राहिलो.

महिन्याभरात आबा मिरचीच्या पथारीवर कामाला लागले. ट्यूब मी फुगवत राहिलो, रोज वास घेत राहिलो. दोन महिन्यांनी खेकडा सोडला, तो जगला. सांगायला पथारीवर गेलो, तर आबा नाकाला फडकं बांधून मिरच्या उलटत होते.

"पिकनं का, मास्तर?"

"पिकलं, आबा. खेकडा जगला."

ते इतके हसले की फडकं सुटून शिंका सुरू झाल्या. "मी सांगेल व्हतं ना!"

दुसरं वाक्य माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "जा आते. तुमना वर्ग शे ना?" मी निघालो. आणि खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं मला.

याला बारा वर्षं झाली. गेल्या थंडीत आबा गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं मला चहा दिला आणि म्हणाली, "एक चूक व्हयनी त्यासना हाते, नहीतर कायम व्हतात."

मी चहा पिऊन आलो.

मासे मी सोडले, हे एक वाक्य मी त्या बाईंचं देणं लागतो.