अकरा जणांनी वाचलेली कादंबरी

रविवार, नऊ मार्च. बनशंकरी भागात, मराठी वाचक मंडळ चालवणाऱ्या वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून मी मंडळाच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होते. चर्चा बाहेर, हॉलमध्ये. मंडळाची मी चार वर्षांची सभासद. पण बोलायला मला कुणी बोलवत नाही.

पहिल्या बैठकीत बोलले होते. "ह्यो नायक लई भित्रा हाय, आन् लेखकाला ते ठाव न्हाई." एवढंच. सगळा हॉल हसला.

वहिनी म्हणाल्या, "किती गोड बोलता हो अक्का. अगदी निपाणी." मग म्हणाल्या, "तिकडे पीण्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात माल तपासता ना तुम्ही? हात नेटका असणार. कव्हरं तुमच्याकडे."

त्यांच्याकडे भांडी घासायला येते तीही अक्काच. मी मात्र 'अक्का' हा मान समजले. मीच मूर्ख. घरी येऊन 'आहे' आणि 'नाही' घोकत बसले.

त्या रविवारी वहिनींचे यजमान एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर बोलत होते. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणतात. आवाज आतपर्यंत येत होता. "नायिकेचा सोशिकपणा पाहा. मरेपर्यंत घराचा उंबरा ओलांडत नाही ती. याला म्हणतात अभिजात."

माझा हात थांबला. ही कादंबरी मी सतराव्या वर्षी निपाणीच्या वाचनालयातून दोनदा आणली होती. त्यातली विधवा नायिका दिराच्या अंगावर किल्ल्या फेकते, पोरीला घेऊन निघते, परगावी खानावळ चालवते. मरते ती तिथे. उंबरा केव्हाच ओलांडलेला असतो.

मंडळाची प्रत समोरच होती. ती घरातून निघते ते पान उघडायला गेले. उघडेना. छापखान्यात घडी कापायची राहून गेली होती. आठ पानं वरून आणि बाजूने बंद. जशी छापून आली तशीच.

पुस्तक घरोघर फिरतं, वाचलं की मागच्या कार्डावर सही करायची, ही मंडळाची पद्धत. कार्डावर अकरा सह्या. पहिली साहेबांची. शेजारी शेरा: 'नितांतसुंदर'.

चार वर्षं मी या माणसांपुढे जीभ आवरून बसले होते.

हॉलमध्ये जाऊन पुस्तक साहेबांच्या हातात दिलं. म्हटलं, "दोनशे बहात्तरावं पान वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा लावला. पानं उलटली. बोट आत जाईना.

वहिनी म्हणाल्या, "अहो, मशीनची चूक असेल."

"व्हय. मशीनची एकच हाय. सह्या अकरा हाईत."

कुणी हसलं नाही. खुर्च्या तेवढ्या करकरल्या. मग कोपऱ्यात बसलेले एक डॉक्टर कानडी मिसळून म्हणाले, "अक्का, स्वल्प चहाचं बघता का?"

"न्हाई बघत," म्हटलं. त्यांच्यातलीच एक खुर्ची ओढली आणि ती बाई घरातून कशी निघाली ते सांगितलं. किल्ल्यांपासून खानावळीपर्यंत. माझ्या बोलीत. साहेब मोबाइल बघत होते. बघू देत. त्यांच्या कानांसाठी मी बोलत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या बसमधून वहिनींना फोन केला. पुढच्या बैठकीत पहिली मी बोलणार, म्हणून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "साहेबांना विचारून कळवते हं."

"इचारू नका," मी म्हटलं. "नुसतं सांगा."