दोन-सहाचं माप

प्रल्हाद कासार आयुष्यात एकदाच जीव तोडून पळाले. म्हसवडच्या बाजारात वळू सुटला होता आणि त्यांच्या खांद्यावर बांगड्यांच्या माळा होत्या. ते पळाले, पडले, चौदा डझन काच मातीत गेली, आणि वळू त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता भाजीवाल्यांच्या ओळीत शिरला. तेव्हापासून पळणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. त्यामुळे लेकाकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आल्यावर सुनेनं, गिरिजानं, जेव्हा सांगितलं की ऑक्टोबरात ती डोंगरातून ऐंशी किलोमीटर पळणार आहे, तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मागं कोण लागलंय?"

यशोधन, त्यांचा लेक, हसून हसून बेजार झाला. गिरिजा हसली नाही.

"घड्याळ लागलंय, बाबा," ती म्हणाली. "सत्तावीस किलोमीटरचे तीन फेरे. दुपारी साडेतीनच्या आत तिसऱ्या फेऱ्याला निघायचं, नाहीतर बाहेर काढतात. पहिल्या वर्षी मी वाट चुकले. गेल्या वर्षी चार मिनिटं उशीर झाला."

"चार मिनिटं" हे ती अशा आवाजात म्हणाली की प्रल्हादकाकांनी बशी पुन्हा उचलली.

रविवारी सरावानंतर सगळी पळणारी मंडळी पोह्यांना गिरिजाकडे जमत. काका कोपऱ्यात लसूण सोलत ऐकत बसायचे. आणि काय एकेक गोष्टी. एकीनं गळून पडलेली पायाची नखं डबीत जपून ठेवली होती. एकाला साठाव्या किलोमीटरला झाडाच्या जागी वारलेली आत्या दिसली होती आणि तिच्याशी तो पाच मिनिटं बोलत उभा राहिला होता. शेजारच्या अर्विंग गावची नीना, मूळची नागपूरची, गुडघा बांधून बसलेली असायची. तिला वर्षभर पळायची बंदी होती, पण गोष्टी सांगायची नव्हती. या सगळ्यांत आवाज मोठा संग्रामचा. गेल्या साली तो उन्हात कोसळला होता आणि सलाइनवर गेला होता.

"तहानेवर विश्वास ठेवू नका यार," तो प्रत्येक रविवारी सांगायचा. "तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ वाजलं की प्यायचं. नो डिस्कशन."

सगळे माना डोलवायचे. काकांना त्या इंग्रजी-मराठी खिचडीतला एकच शब्द स्वच्छ कळला, पाणी. सून पाण्यावाचून पडेल ही धास्ती तेव्हापासून त्यांच्या छातीत येऊन बसली. सकाळी ती सरावाला निघाली की ते दारापर्यंत बाटली घेऊन जायचे.

आता काकांचा धंदा सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्रेचाळीस वर्षं त्यांनी बांगड्या भरल्या. दुकान गावात, आणि बुधवारी म्हसवड, सोमवारी दहिवडी. कुणाही बाईचा हात धरायची मुभा असलेला पंचक्रोशीतला परका पुरुष एकच, तो म्हणजे कासार. म्हणून त्याचे नियमही कडक. नजर हातावर, तोंडाकडे बघायचं नाही. हात बोलतो ते ऐकायचं, पण त्यावर आपण बोलायचं नाही. सव्वादोन, दोन-सहा, अडीच ही मापं काकांना मोजावी लागत नसत. अंगठ्याच्या बुडाशी एकदा दाबलं की कळायचं. माप कळायचं, आणि मापापलीकडचंही पुष्कळ कळायचं. कुणाच्या घरी दळण किती पडतं, कुणाला ताप येऊन गेलाय, कुणाला दिवस गेलेत.

एकदा राऊतांची सून सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायला आली. महिन्यापूर्वी सव्वादोनचा हात, त्या दिवशी अडीचही चढेना. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. काकांना खटकलं. सासू समोर बसली होती. सांगावं असं ओठांवर आलं, पण कासारानं बोलायचं नसतं. त्यांनी त्याहून मोठ्या मापाचा, सोन्यासारखा चुडा भरून दिला. आठव्या दिवशी ती पोर झटके येऊन गेली. ही गोष्ट काकांनी कुणाला सांगितली नव्हती. वळूची मात्र ते कुणालाही सांगायचे.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गिरिजानं आपणहून डावा हात पुढं केला. "बाबा, एक बांगडी भरा. हिरवी."

"पळताना काच? पडलीस म्हणजे?"

"पडणारच नाही मग."

गावाकडून आणलेल्या डब्यातली दोन-सहाची एक त्यांनी काढली. लग्नाचा चुडाही त्यांनीच भरला होता, माप विचारायची गरज नव्हती. बांगडी सर्रकन चढली आणि मनगटावर खालीवर खेळायला लागली.

यशोधनला त्या शनिवारी कामाची ऑन-कॉल पाळी होती, म्हणून नीनानं गिरिजाला आणि काकांना गाडीतून नेलं. तिथं तळ्याकाठच्या तंबूत ती पळणाऱ्यांना खाणंपिणं द्यायला उभी राहणार होती. निघण्याआधी एका डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाचं वजन करून कागदावर लिहून घेतलं. गिरिजा छपन्न किलो भरली. पहाटे साडेपाचला सगळे सुटले, आणि काका खुर्चीवर बसून वाट बघायला लागले.

ऊन पडलंच नाही त्या दिवशी. आभाळ भरलेलं, गार वारा. पण गिरिजाच्या मनगटावरचं घड्याळ उन्हाळ्याच्या हिशोबानं लावलेलं होतं आणि ते पंधरा मिनिटांनी वाजत होतं. पहिला फेरा करून ती आली तेव्हा दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या भरून दिल्याच, वर आणखी एक उभ्याउभ्या प्यायला लावली. "घोटभर आणखी. माझ्यासाठी." ती प्यायली.

दुसऱ्या फेऱ्याहून ती आली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. सत्तर मिनिटं हातात. नीनानं टाळ्या वाजवल्या. "गिरिजा, यार, यंदा तू झोपत झोपत फिनिश करशील."

"डोकं ठणकतंय," गिरिजा म्हणाली. "आणि खाल्लं की मळमळतं, म्हणून मिठाच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. बाबा, बाटल्या भरा ना पटकन."

काकांनी बाटली भरली. ती देताना त्यांची नजर सवयीनं तिच्या हातावर गेली. बांगडी खेळत नव्हती. मनगटाच्या वर रुतून बसली होती आणि दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं.

त्यांनी बाटली परत मागं घेतली.

"बाबा?"

"हात दे."

"हात सगळ्यांचेच सुजतात हो काका," नीना म्हणाली. "पळताना खाली लोंबतात ना. माझे पण सुजायचे."

काकांनी अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. मग मनगट. मग कोपराखाली. खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांच्या कानांत राऊतांच्या सुनेच्या सासूचं बोलणं ऐकू यायला लागलं, "काय भाव लावलात, कासार?" ही सून आपलीच आहे, अकरा महिने पहाटे उठलीय, चार मिनिटांचं दुःख वर्षभर वागवलंय. आणि आपल्याला इंग्रजी येत नाही, डॉक्टरकी येत नाही.

"बाबा, सोडा. वेळ चाललाय."

"नाही सोडत."

"बाबा, प्लीज."

"गिरिजा," त्यांनी मान खाली घातली, कारण असं सासऱ्यानं सुनेला विचारायचं नसतं, "सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस?"

ती नीनाकडे बघत म्हणाली, "निघताना गेले होते. नंतर नाही."

"इतकं पाणी पिऊन?" नीना म्हणाली, आणि गुडघा विसरून डॉक्टरीणबाईंकडे धावली.

गिरिजाला पुन्हा वजनावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो आणि वर थोडं. बाईंनी कागद पाहिला, काटा पाहिला. त्यांचं बोलणं नीना मराठीत सांगत होती, "काका, पन्नास किलोमीटर पळून वजन उतरायला पाहिजे. हिचं वाढलंय. पाणी बाहेर पडतच नाहीये, आणि रक्तातलं मीठ पातळ झालंय. आता एक थेंब पाणी नाही द्यायचं. खारट सूप द्यायचं, आणि लघवी झाल्याशिवाय ती जागची हलणार नाही."

काकांच्या हातात अजून ती भरलेली बाटली होती. त्यांनी ती खुर्चीखाली, कुणाला दिसणार नाही अशी सरकवली.

गिरिजा घोंगडी पांघरून बसली. घड्याळाकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. दोन चाळीस. दोन पंचावन्न. सूप दोन घोट गेलं आणि उलटून पडलं. शेजारून लोक तिसऱ्या फेऱ्याला निघत होते, त्यांना टाळ्या मिळत होत्या. तीन वाजता तिनं मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, दुकान बंद केलंत का?"

दुकान बंद करून चार वर्षं झाली होती.

नीनानं ते बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी अँब्युलन्स बोलावली, मिठाचं कडक सलाइन काढलं, आणि डाव्या हाताकडे बोट दाखवून भराभर काही बोलल्या. नीनानं सांगितलं, उजव्या हाताची शीर सापडत नव्हती. डावा हवा, पण बांगडी आधी निघायला हवी. बाईंनी चिमटा उचलला.

"फोडू नका म्हणावं," काका म्हणाले. "काच आत जाईल. ते व्हॅसलिन द्या इकडं."

व्हॅसलिनची तिथं काय कमी, पळणारे ते मांड्यांना थापतात. काकांनी बचकभर घेतलं, गुडघे टेकून बसले, तिचा हात मांडीवर घेतला. त्रेचाळीस वर्षं ज्या हातांनी बांगड्या चढवल्या, त्यांना आता एक उतरवायची होती. घट्ट हात असला की कासार बाईला बोलतं करतो, लक्ष दुसरीकडे गेलं की हात सैल पडतो. त्यांनी अंगठा आत दाबत तोच जुना सवाल विचारला.

"माहेर कुठलं गं तुझं?"

ती गप्प. काका थांबले. तंबूत सगळेच थांबले.

"पोरी, माहेर कुठलं?"

"बार्शी," ती हळूच म्हणाली.

"बार्शीला घर कुठं?"

"बस स्टँडमागं. पेरूचं झाड आहे."

"गोड आहेत का पेरू?"

"आतून लाल."

बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली, क्षणभर तिथंच राहिली, आणि सुळकन काकांच्या मुठीत आली. अखंड. बाईंनी तेवढ्यात सुई लावली.

साडेतीनला तळ्याकडून भोंगा वाजला. गिरिजानं तो ऐकला, कारण तिचे डोळे भरले. तिला भोंग्याचा अर्थ कळला, एवढ्यानंच काकांना अँब्युलन्समध्ये चढायचं बळ आलं. हॉस्पिटलमध्ये दिवेलागणीच्या सुमारास ती बाथरूमला जाऊन आली. नर्सनं अंगठा वर केला, आणि यशोधन तिथं पोचला तेव्हा काका कॉरिडॉरमध्ये एकटेच हसत बसलेले होते.

गिरिजा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाबरोबर म्हणाली, "चार मिनिटं नाही, यंदा सत्तर मिनिटं हातात होती हो." मग कप खाली ठेवून, "तुम्ही ती बाटली का नाही दिलीत?"

तेव्हा काकांनी राऊतांच्या सुनेची गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

पुढच्या रविवारी पोह्यांना गिरिजानं सगळं सांगितलं, अगदी लघवीच्या प्रश्नासकट. संग्राम बशीत चमचा फिरवत बसला होता. "मी सांगितलं होतं घड्याळ वाजलं की प्या म्हणून," तो शेवटी म्हणाला. "मी." आणि उठून काकांपुढं मांडी घालून बसला, मनगट पुढं केलं. "माझंही माप घेऊन ठेवा, काका."

"संग्राम, बांगड्या भरतोस की काय?" नीना म्हणाली.

"भरतो यार. हसा तुम्ही."

काकांनी त्याचा अंगठा दाबून पाहिला. "तुझ्या मापाची गावात नाही," ते म्हणाले. "घागरीचं तोंड आणावं लागेल."

पण रात्री जेवल्यावर त्यांच्या तोंडची चव गेली. गिरिजानं एप्रिलच्या शर्यतीला नाव घातलं होतं, आणि काकांचं परतीचं तिकीट डिसेंबरचं. त्यांनी यशोधनला हाक मारली. हा लेक शाळेत असताना बांगड्यांच्या माळा खांद्यावर घ्यायला लाजायचा, बाजाराच्या दिवशी त्याचं हटकून पोट दुखायचं. काकांनी गिरिजाचा हात धरला, ती हिरवी बांगडी परत चढवली, आणि लेकाचं बोट तिच्या अंगठ्याच्या बुडाशी ठेवलं.

"दाब. इथं नाही, आत. हा तिचा बरा हात. हा लक्षात ठेव."

यशोधननं दाबलं. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ दाबलं.

"काही कळत नाही, बाबा."

"मला कळायला दोन वर्षं लागली. तुझ्याकडं एप्रिलपर्यंतचा वेळ आहे," काका म्हणाले. "रोज धर."