डाव्या बाजूच्या मेंढ्या

आत आले की मामा लगेच बसत नसत. दारात उभे राहून मान सावकाश एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत फिरवत, खोलीचे चारही कोपरे बघून घेत आणि मग स्टुलाला हात लावून बसत. "नजर फिरती पायजे, म्याडम. एका जागी थांबली की कळप गेला." मला ती मेंढपाळाची सवय वाटली.

केजच्या एका छोट्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नजरेचा घेर तपासते. हे सगळं मी इंग्रजीत शिकले; 'घेर' हा शब्द तपासणीला आलेल्या या मामांनीच दिला. माहितीपत्रकातला 'दृष्टिक्षेत्र' मी दोनदा वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे नजरेचा घेर. सरळ सांगा की."

तुम्ही आत्ता हे अक्षर वाचताय. तरी पान धरलेला अंगठा, शेजारचा कप, दारातून कोणी आलं तर त्याची हालचाल, हेही न बघता दिसतं. तो घेर. काचबिंदूत तो कडेकडून आत सरकत येतो. गेलेल्या जागी काळोख दिसत असेल असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. आपल्या पाठीमागे काळं दिसतं का? काहीच दिसत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

मामांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक चिन्हंही बरोबर ओळखली होती. मग आपल्याला पुन्हा कशाला बोलावलं, हे त्यांना कळेना. डॉक्टरांना डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला होता, त्यांनी थेंब लिहून दिले होते. घेर किती गेलाय ते माझ्या यंत्रावर कळणार होतं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं.

मामा प्रत्येक ठिपक्याच्या मागे धावले.

"मामा, मधल्या दिव्याकडेच बघा ना."

"त्यो कुटं जातोय? जे पळतंय त्येच्याकडं बघावं मानसानं."

तीनदा केलं, तिन्ही वेळा अहवाल वाया. मोठ्या माणसाला दरडावणं मला जमत नाही. मी हळूच 'प्लीज' म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

जाताना ते मेंढ्यांची तक्रार सांगत बसले. उजवीकडच्या शहाण्या, पण डावीकडच्या लई द्वाड झाल्यात, कधी लोकांच्या तुरीत घुसतात पत्ता लागत नाही, मालक काठी घेऊन येतात. त्यातल्या तीन त्यांनी कसायाला विकल्या होत्या. मी हसले. डावीकडच्याच का, हे विचारायला मला, घेर तपासणाऱ्या बाईला, सुचलं नाही.

पुढच्या तारखेला मामा आले नाहीत. थेंबही महिनाभरच घातले, हे मागाहून कळलं. दुखत न्हाई, खुपत न्हाई, दिसतंय, मग काहून घालू, असं ते घरी म्हणत. आणि त्यांच्यापुढे ठेवायला माझ्याकडे एकही धड कागद नव्हता.

वर्षभराने आले ते सुनेचा हात धरून. कपाळाला टाके होते. रस्ता ओलांडताना डावीकडून उसाचा ट्रॅक्टर आला. कुत्रा आणि अकरा मेंढ्या गेल्या. गावात म्हणत होते, म्हातारा पिऊन होता.

"दारूला कदी शिवलो न्हाई मी," मामा म्हणाले. "आवाज आला, पर ट्रॅक्टर न्हवताच तितं."

त्या दिवशी त्यांनी नजर हलवली नाही. खोलीत बटणाचा आवाज अगदी क्वचित येत होता. कागद बाहेर आला. जे दिसत नाही ते त्यावर काळं छापून येतं. दोन्ही डोळ्यांची वर्तुळं काळी होती, मधे बोराएवढी पांढरी जागा.

"जमलं का आज?"

"जमलं, मामा. अगदी बरोबर."

मग मी सगळं सांगितलं. डावी बाजू आधी गेली असणार, हे. गेलेलं परत येत नाही, हेही. त्यांनी कागदाच्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

"म्हंजे त्या तिघींचा काय गुन्हा न्हवता."

ते उठले. दारात त्यांनी पुन्हा मान फिरवली, सावकाश, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. सून थांबून राहिली.

उरलेला कळप त्यांनी विकून टाकला. आता थेंब न्यायला सून एकटीच येते. मामा दारातल्या ओट्यावर बसून असतात म्हणाली, डावा खांदा भिंतीला लावून. तिने कारण विचारलं, तर म्हणाले, "हिकडून कुनी येनार न्हाई."