नाण्यांसाठी कोरडी जागा

आमच्या पिपरी मेघेतल्या घरात सगळ्यात चांगली जागा कोणती, असं मे महिन्यात कोणालाही विचारा. कुलरसमोरची, हेच उत्तर येईल. माझ्या वडिलांनी आपली नाणी तिथल्या फळीवर ठेवली ती याच समजुतीनं. जे जपायचं ते गारव्याला ठेवायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुसरी काही अक्कल चालतही नाही.

बाबा बसवर कंडक्टर होते. हिंगणीच्या गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. बॅगेत एखादं वेगळं नाणं आलं की तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे आणि ते नाणं घरी आणायचे. भोकाचा तांब्याचा पैसा, ढब्बू पैसा, कमळाचं पितळी वीस पैशांचं, सहा कोनांचं तीन पैशांचं. चांदीचे थोडे रुपये आहेत, ते आईच्या माहेरचे. विकायला गेलं तर कोणी श्रीमंत होणार नाही.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. उजेड आहे की अंधार, तेवढं कळतं. सकाळचा चहा झाला की फळीवरची नाण्यांची रेक्झिनची जुनी बॅग मांडीवर घेतात, एकेक नाणं काढतात, कडेवरून अंगठा फिरवतात आणि कोणतं ते सांगतात. मग ते नाणं कोणत्या स्टॉपवर मिळालं, देणारा भांडला का, हे सगळं ओघानं येतं. बाकी सगळं त्यांचं आम्ही करतो. त्यांच्या दिवसात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचा अंगठा हिरवा दिसला. बॅग उलटी केली. तांब्याच्या नाण्यांवर हिरवी बुरशी धरावी तसा थर आला होता. चार महिने कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांमधून आलेली ओली हवा त्यांच्यावर सोडली होती, दुसरं काय होणार?

मला राग आला. माझं आयुष्य सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये चाललं आहे. ओल म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आणि माझ्याच घरात, माझ्या नाकाखाली हे झालं. आमच्या ह्यांनी चिंच भिजत घातली, म्हणे घासून टाकू, देवाच्या भांड्यासारखी लख्ख होतील. मी आधी फोन करून विचारलं म्हणून बरं. नागपूरच्या एका प्रदर्शनात नाण्यांचे एक जाणकार भेटले होते, त्यांचा नंबर होता. ते म्हणाले, खबरदार घासाल तर. कुलरची हवा नको, लाकडाची पेटी नको, मऊ प्लास्टिकची पाकिटं तर नकोच. प्रत्येक नाणं वेगळ्या कडक डबीत ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, आणि उघड्या हातानं अजिबात शिवू नका. घामानंच अर्धी नाणी मरतात.

आता ठेवायचं कुठं? आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट न्हाणीच्या भिंतीला लागून आहे. माळ्यावर उन्हाळ्यात पापड भाजतील एवढं तापतं. मी म्हटलं, बँकेत लॉकर घेते.

"त्यापेक्षा बाबायले ठेव लॉकरमधी," हे म्हणाले, "नाणी राहू दे इथं. नाणी काही चहा मांगत नाई."

बाबा पलंगावरून हसले. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो.

रविवारी मी हातमोजे घालून बसले. पारदर्शक गोल डब्या आणल्या होत्या, आत फोमचं कडं. लहान-मोठं, कोनांचं, भोकाचं, कसंही नाणं असो, त्यात घट्ट बसायचं. बाबांनी टकटक आवाज ऐकून विचारलं, "काय करून राह्यली?"

"तुमची नाणी नीट लावून ठेवते आहे."

"बरं."

खरं सांगते, झालेलं काम पाहून मला फार समाधान वाटलं. रेकॉर्ड रूममध्ये इतकं देखणं कधी काही लागलं नव्हतं. सोमवारी बँकेत निघायच्या आधी मनात आलं, बाबांना एकदा दाखवावं. दाखवावं, हाच शब्द मनात आला. मी एक डबी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती फिरवली. कडेवरून अंगठा नेला. पुन्हा नेला. मग बाजूला ठेवून दुसरीसाठी हात पुढे केला. दुसरी, तिसरी, चौथी. मी घड्याळाकडे बघत होते.

"हे तं सारे गोलच हायेत, बाई."

"नाही बाबा, ते चौकोनी पाच पैशांचं आहे. आत आहे."

"आत हाय? असंन." त्यांनी डबी परत माझ्या हातात दिली. "ठेव मंग बँकेत. मले आता इथं काय न् तिथं काय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, सुटे नाहीत म्हणून प्रवाशाला सांगतात तसं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चिडायला जाणकार होते, पण तेही बरोबरच बोलले होते. पर्स ठेवली, डबीच्या फटीत नख घातलं. नख मोडलं, पण डबी उघडली. नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

अंगठा कोपऱ्यावर गेला. "पाच पैसे," बाबा म्हणाले. मग दुसरा कोपरा, तिसरा. तिथं जरा थांबले. "हा कोपरा वाकेल हाय न्? हिंगणीच्या एका बाईनं देल्लं होतं. तिचं पोट्टं रस्ताभर तेच चावून राह्यलं होतं. तिकिटाले मांगितलं तं सोडेच ना."

मी आजवर तो वाकलेला कोपरा पाहिला नव्हता. आदल्याच दिवशी हातमोजे घालून तेच नाणं मीच डबीत बसवलं होतं.

त्या दिवशी मी कचेरीत अर्धी रजा टाकली आणि सगळ्या डब्या उघडल्या. लॉकरमध्ये फक्त चांदीचे रुपये आहेत. बाकीची नाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आतल्या खोलीत, न्हाणीपासून लांबच्या कोरड्या फळीवर असतात. कुलर सुरू व्हायच्या आधी मी डबा बाबांना देते, त्यांचे हात कोरड्या फडक्यानं पुसते, आणि कामावर जाताना डबा परत आत ठेवते. तरी तांब्याची नाणी थोडी थोडी झिजतील, काळवंडतील. जाणकारांना मी पुन्हा फोन केलेला नाही.

रिकाम्या डब्यांत जिरं-मोहरी भरू, असं हे म्हणाले. मी हात लावू दिला नाही. त्या धुतल्या, पुसल्या, कापडी पिशवीत बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. एक दिवस त्या लागणार आहेत, हे मला कळतं. लवकर लागू नयेत.