आबांची बटणाची छत्री

आमच्याकडं कुणी गेलं की लोक बसायला येतात, आणि रिकाम्या हातानं येत नाहीत. कुणी चहा-साखर आणतं, कुणी भाकरीचं टोपलं. माझे आजोबा गेले तेव्हा बहुतेकांनी किस्से आणले. डिंगोऱ्यातल्या आमच्या ओट्यावर दोन-चार दिवसांत इतके किस्से जमले, की भरल्या डोळ्यांनी हसायची वेळ यायची. आबांना ते चाललं असतं.

सगळे किस्से फिरून त्यांच्या छत्रीवर यायचे.

*

आमच्या भागात दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच उठतात, मग माजी सरपंच, मग होऊ घातलेले. समोर पाहुणे उपाशी बसलेले असतात. आम्ही बौद्ध. आमच्यात दहावा नसतो, जलदान विधी असतो, पण माइक तोच आणि बोलणारेही तेच. आबा सगळ्यांच्या दुःखाला जायचे आणि पुढच्या रांगेत बसायचे. भाषण लांबलं, की बसल्या जागी, मांडवाखालीच, खट्ट करून बटणाची छत्री उघडायचे.

पहिल्यांदा उघडली तेव्हा शेजारचा म्हणाला, "आबा, पाऊस कुठंय?"

"मंग मघापासून हे काय पडतंय?"

*

पारगावला एका म्हातारीच्या दहाव्याला एक पुढारी आले. सकाळपासूनचा त्यांचा हा तिसरा दहावा. गडबडीत कोण गेलंय ते विचारायचं राहिलं असावं. माइक हातात घेऊन म्हणाले, "लहानपणी यांच्या कुस्त्या मी डोळ्यांनी पाहिल्यात."

आबांनी छत्री उघडली आणि शांतपणे म्हणाले, "कुस्त्या व्हत्या साहेब, पण त्या सुनांसंगं."

म्हातारीच्या तिन्ही सुना पदरात तोंड घालून हसत होत्या, असं पारगावचे पाहुणे शपथेवर सांगतात.

*

घाटघरला आबांचे एक जुने मित्र होते, सखाराम. ऐन भातलावणीत आबा त्यांना भेटायला शेतावर गेले. तिकडचा पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा. आबा घरी आले ते नखशिखांत भिजून, आणि छत्री बगलेत मिटलेली.

आजी तापली. "उघडायला काय झालं व्हतं?"

"उघडली की सखाराम बोलायचा थांबत व्हता," आबा म्हणाले. "लई दिसांनी भेटला व्हता गं."

*

माझे वडील, म्हणजे दादा, एसटीत ड्रायव्हर. दादा बोलत नाहीत. रागवत नाहीत, नाही म्हणत नाहीत, नुसती मान हलवतात. आईला बघायला गेले तेव्हाही सगळं आबाच बोलले. आईला वाटलं, मुलगा मुका आहे की काय. तरी तिनं होकार दिला, हे आमचं नशीब.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते. आबा म्हणायचे, "आमच्या बाळूच्या गाडीला ती पाटी कशाला? बोलून दाखवा म्हणावं!"

*

शेवटच्या दुखण्यात आबांनी दादांना जवळ बोलावलं.

"बाळू, माझ्या येळंला भाषणं नकोत. तुमी ऐकत बसाल, आन मला काय छत्री उघडता यायची न्हाई."

दादांनी मान हलवली. मला मात्र तेव्हापासून धास्ती लागली. आबांनी आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती मागितली कुणाकडं, तर ज्याला कधी कुणाला नाही म्हणता आलं नाही त्याच्याकडं.

*

जलदानाच्या दिवशी दारात मांडव पडला. त्रिशरण-पंचशील झालं. आबांच्या पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. छत्री आजीनं स्वतःजवळ ठेवली होती. पांढऱ्या कपड्यांतली मंडळी खिशातले मोबाइल बंद करून सरसावून बसली. निवेदकानं पहिलं नाव पुकारलं आणि पंचायत समितीचे सभापती उठले.

दादाही उठले. सभापतींच्या आधी जाऊन त्यांनी माइक घेतला.

"आबांनी भाषणं नको म्हणून सांगितलंय," दादा म्हणाले.

सभापती निमूट खाली बसले. माझा जीव भांड्यात पडला. आता दादा माइक ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

"मी पहिल्यांदा ड्युटीवर गेलो, तवा आबा माझ्या मागच्या शीटवर येऊन बसले व्हते. जुन्नरपत्तोर आले, तिकीट काढून. तसंच परत आले. एक शब्द बोलले न्हाईत. मला वाटलं, यांचा भरवसा न्हाई माझ्यावर. घरी आल्यावर म्हणले, झोप लागली व्हती रं, लई चांगली."

मग दादा बोलतच राहिले. शाळेचं बोलले, विहिरीचं बोलले. मधेच थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. भात गार होत होता. पण या माणसाला थांबवणार कोण? निवेदकानं मान खाली घातली. दादांना स्वतःलाही थांबता येत नव्हतं, ते दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. खट्ट.

काळी छत्री उघडली होती. मागं आजी होती, पण तिचा चेहरा दिसत नव्हता. नुसती छत्री दिसत होती.

दादा वाक्य अर्धं सोडून छत्रीकडं बघत राहिले.

"झालंच, आबा," ते म्हणाले आणि माइक खाली ठेवला.