दोघींच्या दोन डब्या

भाताची कापणी चालू होती. दोन पेंढ्या उचलल्या आणि मला धाप लागली. बांधावर टेकले तर परत उठताच येईना. माझ्या थोरल्या जाऊबाई विळा ठेवून जवळ आल्या. त्यांना मी अक्का म्हणते.

"व्हट पांढरंफटक पडल्यात की गं तुझं," त्या म्हणाल्या आणि पाण्याची बाटली माझ्या हातात न देता शेजारी जमिनीवर ठेवली.

मला ते नवीन नव्हतं. नवरा गेला तेव्हा मलाही एचआयव्ही असल्याचं कळलं. तेव्हापासून शाहूवाडीतल्या आमच्या घरात माझं ताट, माझा तांब्या वेगळा. अक्का कधी वाकडं बोलल्या नाहीत. वाढायच्याही गरम, पण भाकरी ताटात वरून सोडायच्या.

औषधाला मी कोल्हापूरला जायचे. गोळी एक दिवसही चुकवली नव्हती, विषाणूही तपासणीत सापडत नव्हता. तरी हिमोग्लोबिन सातावरून हलेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, शेवग्याचा पाला झाला. त्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट कसं असतं तुमचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कायम फुगलेलं, चार दिवसांनी जुलाब, असं मी खाली मान घालून सांगितलं.

मग त्यांनी समजावलं. आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, त्यातले बरेच आपल्या कामाचे. या आजारात आतड्याच्या अस्तराला इजा होते, जिवाणूंची घडी विस्कटते, आत बारीक सूज राहते. मग खाल्लेलं लोह नीट अंगी लागत नसावं. "अजून पक्कं कळलेलं नाही. म्हणून तर शौचाचे नमुने तपासतोय," त्या म्हणाल्या. तुलनेसाठी त्याच घरातलं, तेच जेवणारं, हा आजार नसलेलं माणूस लागणार होतं. नमुन्यांसाठी त्यांनी दोन डब्या माझ्याजवळ दिल्या.

तसं माणूस एकच होतं. चार दिवस मी शब्द जुळवले आणि भांडी घासताना अक्कांना विचारलं.

अक्कांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हंजी माझ्या पोटाचा तुला उपेग हुईल?"

"व्हय."

"मग दे की डबी. त्यात काय लाजायचं."

नमुने घेऊन आम्ही दोघी एसटीनं गेलो. डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावर अक्कांनीच तोंड उघडलं. "एका ताटात जेवलं तर ह्यो आजार हुतो का?"

"नाही. एका ताटात जेवा, एका तांब्यानं पाणी प्या, काही होत नाही."

अक्का माझ्याकडं बघेनात. "मला कुणी सांगितलंच न्हाय," एवढंच म्हणाल्या. परतीच्या वाटेवर खिडकीला डोकं टेकून त्या रडत होत्या. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

मला पुढं लोह शिरेतून दिलं. पोटावरही इलाज झाला. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन दहाच्या पुढं गेलं. जिवाणूंचं कोडं पुरतं सुटलेलं नाही, असं डॉक्टरीणबाई अजून सांगतात.

त्या खेपेला अक्कांचंही रक्त तपासलं, तेही कमीच निघालं. "मला काय धाड भरलीया?" म्हणत त्या लोहाच्या गोळ्या पिठाच्या डब्यामागं लपवतात. रोज सकाळी मी त्या शोधून काढते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते.