दाराला बाहेरून कडी

सगुणाबाईला गावात तिच्या माघारी 'हवालदारीण' म्हणत. हे तिला माहीत होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही माहीत होतं. पालमपासून जरा आत असलेल्या त्या गावाच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. तांदळाचं पोतं आलं की तोंडाकडचे तांदूळ ती कधी बघायची नाही. कोपरापर्यंत हात आत घालायची आणि तळातली मूठ बाहेर काढून उजेडात धरायची. "वरचं सगळ्यांचंच चांगलं असतंय," म्हणायची. खिचडी शिजली की पहिला घास तिचा. तो ती इतका सावकाश चघळायची, की ताटल्या घेऊन रांगेत बसलेली पोरं तिच्या जबड्याकडे बघत राहायची.

मोठे सर एकदा हसत म्हणाले, "सगुणाबाई, तुम्हीच शिजवलंय ना? मग स्वतःवर तरी भरोसा ठेवा."

"शिजवलं मी, सर. पिकवलं कुठं मी?"

संशय तिच्या स्वभावातच होता, पण त्याला धार आली ती हेमामुळे. हेमा तिच्या मयत बहिणीची मुलगी. काही वर्षांमागे हेमाला बघायला पांढऱ्या जीपमधून माणसं आली होती. गोड बोलणारी, परमुलखातली. त्यांनी उंची विचारली, चालायला लावलं आणि निघताना म्हणाले, "आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या." ते ऐकून घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सगुणाबाईने स्वतः त्या लग्नात पंगत वाढली. नंतर सोयरीक जमवणारा माणूस कुणाला कुठे दिसला नाही. हेमा परत आली तेव्हा तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाचे तरी कपडे होते. तिकडे काय झालं हे तिने सांगितलं नाही आणि सगुणाबाईने विचारलं नाही. आता ती मावशीकडेच राहायची, शाळेत तांदूळ निवडायची आणि कामापुरतं बोलायची.

तेव्हापासून 'आम्हाला काही नको' म्हणणाऱ्या माणसाला सगुणाबाई उंबऱ्याच्या आत घेत नसे.

त्या दिवशी ती शाळेतून परतली, तर दारात पांढरी जीप उभी. तिचे पाय जागीच थांबले. जीपचं झाकण उघडून एक माणूस आत वाकला होता. ओसरीवर बायांची ही गर्दी. शेजारची धुरपताबाई बशा हलवत आत-बाहेर करत होती. घरात कांदेपोह्यांचा वास सुटला होता. सतरंजीवर एक शहरी तरुणी मांडी घालून बसली होती, आणि तिच्यासमोर सगुणाबाईची एकुलती एक लेक अपेक्षा, डोक्यावरून ओढणी घेऊन. ती ओढणी धुरपताबाईनेच तिच्या डोक्यावर घातली असणार.

"उंची छान आहे हिची," ती तरुणी म्हणत होती. "डोळेही चांगले आहेत. फक्त एक सांगते, अपेक्षा, वर्षभर दुसरीकडे लग्नाचं वगैरे काही काढायचं नाही हं."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. धुरपताबाईने हळदी-कुंकवाचं ताट पुढे केलं. पाहुणीला कुंकू लावलं आणि ताट तिच्याच हाती दिलं. आता काय करायचं ते त्या मुलीला कळलं नसावं. तिने धुरपताबाईला कुंकू लावलं, मग मोठ्या मायेने अपेक्षाच्या कपाळावरही टेकवलं. आणि पिशवीतून एक घडी घातलेला निळा टी-शर्ट काढून तिच्या हातावर ठेवला.

"आमच्याकडून. आम्हाला तुमच्याकडून काही नको."

ओसरीवरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "जमलं बया!"

कुंकू लावलं, हातावर कापड ठेवलं. पालमच्या त्या भागात याचा एकच अर्थ होतो.

सगुणाबाई तीरासारखी आत आली. "कोण तुमी? आन् कुणाला इचारून कुंकू लावलं मह्या लेकीला?"

ती तरुणी गडबडून उठली. तिचं नाव मधुवंती. परभणीतल्या एका संस्थेत ती काम करायची. गरीब घरच्या मुलींना ती संस्था वर्षभर ठेवून घेऊन गाडी चालवायला शिकवायची, आधी छोटी आणि मग मोठी. मोठ्या गाडीच्या पेडलपर्यंत पाय पुरावा म्हणून उंची. लांबचं दिसावं म्हणून डोळे. आणि शिकणं मध्येच सुटू नये म्हणून ती लग्नाची अट. अपेक्षाने फोन करून आपलं नाव स्वतःच दिलं होतं. आईला सांगायचं राहिलं होतं, म्हणजे तिने मुद्दामच सांगितलं नव्हतं.

आवाज ऐकून जीपपाशी वाकलेला माणूस धावत आला. तो नागनाथ, बोरीचा, संस्थेत गाडी शिकवणारा. अपेक्षाचं कपाळ आणि हातातला टी-शर्ट बघून त्याने कपाळावर हात मारला. "ताई, हे काय करून बसलात! मी जरा गाडी बघायला गेलो, तेवढ्यात तुम्ही सोयरीक जमवली होय?"

बाया फिदीफिदी हसल्या. मधुवंतीचा चेहरा लाल झाला. सगुणाबाई मात्र हसली नाही. ही खरंच चूक होती की नाही, याचीच तिला खात्री नव्हती. हेमाच्या वेळीही सगळं असंच हसतखेळत झालं होतं. तिने पाहुण्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. जीप वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली, मग आत येऊन तिने लेकीचं कपाळ पदराने खसाखसा पुसलं.

"माय, दुखतंय."

"दुखू दे."

पुढचे काही दिवस धुरपताबाईने जगणं नकोसं केलं. पाण्याच्या टाकीवर हंडा टेकवता टेकवता विचारायची, "काय गं सगुणा, व्याही कुठले म्हणायचे? जावयाला एसटी देणार का जीप?" अपेक्षा आईशी बोलेना. बोलली तेव्हा तोडूनच बोलली.

"हेमाताईचं झालं ते मह्या माथी कामून मारायलीस?"

"तवाबी जीपच होती. पांढरीच."

"जगातल्या सगळ्या पांढऱ्या जीपा काय चोरांच्या हायत? मी बारावी पास हाय, माय. घरात बसून दाळीतले खडे निवडायलेय. तुला संस्थेवर भरोसा न्हाई ते ठीक हाय. मह्यावर हाय का न्हाई?"

सगुणाबाईचं उत्तर 'न्हाई' असं नव्हतं, पण 'हाय' म्हणायलाही तिची जीभ वळेना. नाव देणाऱ्या लेकीने ते लपवून दिलं होतं. आणि परभणीहून फोन आला होता, की मुलगी येत नसेल तर ही जागा दुसरीला द्यावी लागेल, सोमवारपर्यंत कळवा.

तिने शाळेला सुट्टी असलेला दिवस धरला. कुणाला सांगितलं नाही, संस्थेला तर नाहीच. पहाटेच हेमाला म्हणाली, "चल."

"कुठं?"

"परभणीला. मी बघीन, पण मला काय दिसायचं? वाईट जागा तू पायलीस."

हेमाने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मग तिने चप्पल घातली.

गंगाखेडवरून जाणारी एसटी खच्चून भरली होती. पोखर्णीच्या फाट्याला माणसांनी नरसिंहाला बसल्या जागेवरून हात जोडले. सगुणाबाईनेही जोडले, पण काही मागितलं नाही. हेमा खिडकीला कपाळ टेकवून बसली होती आणि रस्त्यावरची प्रत्येक पांढरी गाडी जाईपर्यंत बघत होती.

संस्था शहराच्या कडेला, एका भाड्याच्या दुमजली घरात होती. सगुणाबाई सरळ आत शिरली नाही. समोरच्या टपरीवर तिने चहा घेतला. टपरीवाल्याला विचारलं, "इथं पोरी राहत्यात म्हणं. कशा हायत?"

"चांगल्या हायत की. गाडी लय जोरात मागं घेत्यात. माझी पाटी दोनदा पाडली."

"रात्रीचं कोण येतं-जातं?"

टपरीवाल्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तुमी पोलिसात हाव का?"

मधुवंतीने दार उघडलं आणि तिला बघून क्षणभर गोंधळली. सगुणाबाईने तिला पुढे होऊ दिलं नाही, ती स्वतःच पुढे झाली. आधी स्वयंपाकघर. पातेल्यावरचं झाकण काढून तिने डाळ हातावर घेऊन चाखली. "मीठ कमी हाय." मग न्हाणीघर. मग गच्ची. मुली जिन्यावर येऊन बघायला लागल्या, कुणीतरी खुदकन हसलं. मुलींच्या खोलीच्या दारात मात्र हेमा एकदम थांबली. तिने मावशीचा पदर धरला. दुसऱ्या हाताने दाराकडे बोट दाखवलं.

दाराला बाहेरून कडी होती. जाड, लोखंडी, वापरून गुळगुळीत झालेली.

"ही कशाला?" सगुणाबाईने विचारलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"ही? खोली रिकामी असली की लावतो," मधुवंती म्हणाली. "माकडं येतात. एकदा सगळ्यांच्या गाद्या फाडल्या."

"माकडाला ती काढता येत न्हाई, खरं हाय. आत असल्यावर पोरीलाबी येत न्हाई."

मधुवंतीने कडीला हात लावला. रोज ज्या दारातून जायची-यायची, त्या दाराकडे ती पहिल्यांदाच आतल्या मुलीच्या नजरेने बघतेय असं वाटलं. "घरमालकाने बसवलेली आहे," ती म्हणाली. "आमच्या कधी लक्षातच आलं नाही."

"त्येच म्हनते मी. ध्यानात न्हाई आलं."

सगुणाबाईने भिंतीला पाठ टेकली. मग ज्या प्रश्नासाठी ती इतक्या लांब आली होती, तो विचारला.

"ताई, तुमी म्हणाल्या, आमाला काय नको. असं कुणी असतंय का? तुमाला यातून काय भेटतं, ते सांगा. खरं सांगा."

मधुवंतीला राग आला असावा. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण उत्तर देताना ती सगुणाबाईकडे बघूनच बोलली. "मला पगार मिळतो. फार नाही. आणि मुली शिकल्या की संस्था त्यांचे फोटो मदत देणाऱ्यांना पाठवते, म्हणून पुढची मदत येते. तुमची मुलगी शिकली नाही तर आमचंही नुकसान आहे. शिकलेल्या सगळ्यांना काम मिळालंय असंही नाही. काहींना मिळालं. काहींच्या घरच्यांनी कामावर पाठवलंच नाही. मी खोटं सांगणार नाही."

सगुणाबाईचे आवळलेले खांदे थोडे सैल झाले. हिला काहीतरी हवं होतं, आणि काय हवं आहे ते हिला सांगता येत होतं. फोटोचा भाग तिला आवडला नाही, पण तो लपवलेला नव्हता.

तेवढ्यात हेमा बोलली. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण ती इथे असल्याचं मुली विसरल्याच होत्या.

"मावशी, पोरींचे फोन पोरींपाशीच हायत."

"मंग?"

"मपला तिकडं पयल्याच दिवशी काढून घेतला होता."

ती एवढंच म्हणाली. जिन्यावरच्या मुलींचं हसू थांबलं. मधुवंतीने हेमाकडे बघितलं, मग कडीकडे, आणि खाली वाकून हाक मारली, "नागनाथ, पाना आणि पेचकस घेऊन वर या."

स्क्रू गंजलेले होते. नागनाथला घाम फुटला. "घरमालक बोलंल," तो पुटपुटला. "बोलू दे," मधुवंती म्हणाली. कडी सुटून फरशीवर पडली, तेव्हा दाराच्या लाकडावर तिच्या आकाराचा फिकट डाग राहिला. सगुणाबाईने कडी उचलून आपल्या पिशवीत टाकली.

"आवो, ती घरमालकाची हाय," नागनाथ म्हणाला.

"त्यांला म्हणावं, पालमला येऊन घेऊन जा."

निघताना तिने अटी सांगितल्या. लेक रोज संध्याकाळी फोन करील. आपण न सांगता येऊ. लेकीचा फोटो कुणाला पाठवायचा तर आधी लेकीला दाखवायचा. मधुवंती सगळ्याला हो म्हणाली, आणि इतक्या लगेच हो म्हणाली, की परतीच्या एसटीत सगुणाबाईला पुन्हा संशय आला.

तरी सोमवारच्या आत तिने होकार कळवला, आणि अपेक्षा परभणीला निघाली. धुरपताबाई तिला निरोप द्यायला फाट्यापर्यंत आली, तिने नारळ दिला आणि सासरी निघालेल्या मुलीसाठी रडावं तशी रडली. ते बघून एसटीतली माणसं नवरा कुठाय म्हणून शोधायला लागली.

सगुणाबाई न सांगता जायची ती खरोखरच न सांगता जायची. कधी बाजाराच्या दिवशी, कधी भर उन्हात. डाळ चाखायची, जिना चढायची, दार आतून लावून बघायची. वावगं काही सापडायचं नाही. सगळं नीटच, हेही तिला फारसं पटायचं नाही.

एकदा ती पोहोचली, तेव्हा घरामागच्या मोकळ्या जागेत जीप होती आणि स्टिअरिंगवर अपेक्षा. शेजारी नागनाथ. आईला बघून अपेक्षाने काच खाली केली. तिच्या अंगात तो निळा टी-शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या.

"माय! बस गाडीत. चक्कर मारून आणते."

सगुणाबाई जीपभोवती एक फेरी मारून आली. चाकांना पायाने दाबून बघितलं. वाकून खाली बघितलं.

"बिरेक लागतंय का?"

"लागतंय गं."

"लावून दाव."

अपेक्षाने गाडी थोडी पुढे घेतली आणि ब्रेक दाबला. धूळ उडाली, नागनाथ पुढे आदळला.

"आणखी एकदा," सगुणाबाई म्हणाली.

अपेक्षाने पुन्हा दाबला. या वेळी गाडी अलगद थांबली. सगुणाबाईने धूळ बसू दिली. मग मागचं दार उघडून ती काठावर बसली, एक हात दाराच्या खिट्टीवर ठेवूनच.

"चल आता," ती म्हणाली. "सावकाश."